टिळक म्हणजे फक्त लोकमान्य नाहीत, नगरच्या चर्चमध्ये अभंग रुजवणारेही एक टिळक होते

रविवारी सकाळी नगर जिल्ह्यातल्या एखाद्या चर्चबाहेर उभं राहिलात, तर क्षणभर गोंधळायला होईल. आतून पेटी, तबला आणि टाळांचा आवाज येतो. चाल अभंगाची असते, शब्द अस्सल मराठी असतात. देहूची किंवा आळंदीची दिंडी चर्चमध्ये शिरली की काय, असं वाटतं. नीट ऐकलं की कळतं, गाणं येशू ख्रिस्ताचं आहे.

आता या गाण्याखाली कवीचं नाव बघितलं तर बऱ्याचदा एकच सापडतं. नारायण वामन टिळक.

आधी एक घोळ मिटवूया. हे लोकमान्य टिळक नव्हेत. दोघे एकाच काळातले, दोघे कोकणातले, दोघे चित्पावन ब्राह्मण. पण एक मंडालेच्या तुरुंगात गेले आणि दुसरे नगरच्या मिशनमध्ये. नगरचे टिळक ओळखले जातात ते रेव्हरंड टिळक म्हणून. शाळेच्या पुस्तकातून ते फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात, 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना लक्ष्मीबाईंचे नवरे म्हणून भेटतात. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात त्यांची ओळख वेगळीच आहे. तिथे ते गाण्यातून भेटतात.

तर ही गोष्ट त्या टिळकांची.

कोकणातून निघालेला मुलगा

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक, कवितेची आवड असलेली. मुलाचा सगळा ओढा आईकडे. पण टिळक लहान असतानाच आई गेली आणि त्यांचं घराशी असलेलं नातं सुटल्यासारखं झालं. ते नाशिकला आले, संस्कृत शिकले, कविता करू लागले.

१८८० च्या सुमारास त्यांचं लग्न झालं. नवरी नाशिकजवळच्या जलालपूरची, गोखल्यांच्या घरातली मनकर्णिका. वय अकरा-बारा. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हीच लक्ष्मी पुढे मराठीतल्या सगळ्यात गाजलेल्या आत्मचरित्राची लेखिका होणार होती, हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

टिळकांचा संसार म्हणजे पायाला भिंगरी. आज या गावी, उद्या त्या गावी. शिक्षकाची नोकरी धर, सोड. कीर्तन कर, पुराण सांग, कविता लिही. हातात पैसा आला की तो गरजूला देऊन टाकायचा आणि घरी रिकाम्या हाताने यायचं. लक्ष्मीबाईंनी हे सगळं सोसलं आणि नंतर हसत हसत लिहूनही ठेवलं.

या भटकंतीत नागपूरचा मुक्काम महत्त्वाचा ठरला. तिथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषी' नावाचं मासिक चालवलं. डोक्यात मात्र एक मोठा प्रश्न घोळत होता. जातिभेद नसलेला, माणसाला माणूस मानणारा धर्म या देशाला कसा मिळेल? असा एखादा नवा धर्म आपणच काढावा, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता.

रेल्वेच्या डब्यातली भेट

साल १८९३. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणं सुरू झालं ते संस्कृत कवितेवरून. गाडी पुढे सरकत गेली आणि गप्पा धर्मावर आल्या. उतरताना त्या माणसाने टिळकांच्या हातात बायबल ठेवलं, वाचायचं वचन घेतलं, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही करून टाकलं.

टिळकांना ते भाकीत पटलं नव्हतं. पण शब्द दिला होता, म्हणून वाचायला बसले. सुरुवातीची पानं त्यांनी चिकित्सा करत वाचली. मग डोंगरावरचं प्रवचन आलं. शत्रूवरही प्रेम करा, शांती करणारे धन्य, अशा आशयाचा तो भाग. टिळक तिथे अडकले ते कायमचे.

पुढचे महिने त्यांनी शंका विचारण्यात घालवले. नाव न सांगता ख्रिस्ती नियतकालिकाला पत्रं लिहिली, उत्तरं वाचली, पुन्हा प्रश्न विचारले. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या नाही, तर भारतीय पाळकाच्या हातून घ्यायचा, असा त्यांचा आग्रह होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा यात दिसते.

किंमत चुकवली लक्ष्मीबाईंनी

त्या काळात ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे घरात मृत्यू झाल्यासारखंच होतं. जात गेली, नातेवाईक तुटले, पंगत बंद. टिळकांनी निर्णय घेतला तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरात चार वर्षांचा दत्तू. बातमी कळली आणि त्या कोलमडल्या. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. गेलं तर धर्म बुडतो, नाही गेलं तर संसार बुडतो.

ही ताटातूट थोडीथोडकी नाही, चार वर्षांहून जास्त चालली. जलालपूर, नाशिक, पंढरपूर असा त्यांचा नातेवाइकांच्या आधाराने मुक्काम चालू राहिला. टिळक इकडे नगरला मिशनच्या कामात रुजत होते. पत्रं येत-जात होती.

शेवटी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, कुणाचा स्पर्श चालायचा नाही. टिळकांनी घाई केली नाही, बळजबरी तर नाहीच. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. मग लक्ष्मीबाईंनीच स्वतःशी विचार सुरू केला. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर प्राण्यांसारखं माणसांतही काहीतरी वेगळेपण दिसलं असतं ना? हा हिशेब मनात सुटला आणि त्यांनी सगळ्यांच्या हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. जात आधी गेली, धर्म नंतर बदलला. १९०० साली लक्ष्मीबाई आणि दत्तू यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही तीच वर्षं, जेव्हा छपन्नच्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला होता. राहुरीत असताना टिळकांच्या घरात स्वतःच्या मुलाबरोबर अनाथ पोरंही वाढत होती.

नगरच का?

अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम सुरू झालं १८३१ मध्ये. शाळा, दवाखाने, छापील साहित्य असं सगळं त्यातून उभं राहिलं. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरच्या मिस फरार यांच्याकडे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये निघालं तेही नगरमधूनच. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी इथे पाळक घडवणारी धर्मशिक्षणाची शाळा चालवली आणि टिळक तिथे शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नावामागे रेव्हरंड लागलं.

गावोगावी ख्रिस्ती मंडळ्या होत्या. त्यातले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातून आलेले. अनेकांना वाचता येत नव्हतं. पण भजन त्यांच्या रक्तात होतं. एकतारी, टाळ, खंजिरी घेऊन रात्र जागवणारी ही माणसं.

आणि रविवारी चर्चमध्ये त्यांना गायला काय मिळायचं? बऱ्याच वेळा इंग्रजी स्तोत्रांची मराठी भाषांतरं, तीही विलायती चालीवर.

नेमकी अडचण काय होती?

इंग्रजी गाण्यात शब्दाच्या एका अवयवावर जोर पडतो आणि चाल त्या जोरावर चालते. मराठी शब्द तसा चालत नाही. मराठीत अक्षर लघु की गुरू, ओळीत अक्षरं किती, यमक कुठे, यावर गाण्याचा डोलारा उभा असतो. त्यामुळे मराठी शब्द इंग्रजी चालीत बसवले की नको तिथे ताणले जातात, हवे तिथे तुटतात. अर्थ कळतो, पण डोलता येत नाही. पाठ करणं तर त्याहून अवघड.

आता अभंग बघा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, शेवटचा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा छोटा चरण झटक्यात येऊन विचार पूर्ण करतो. लहान अभंगात तर फक्त आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. सोपा साचा. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं. अक्षरओळख नसलेला माणूसही दोनदा ऐकून तिसऱ्यांदा गातो. ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंत सगळ्यांनी ही ताकद ओळखली होती.

नगरमध्ये टिळकांच्या आधीही हे काही जणांना कळलं होतं. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं करून एक वाट पाडली होती. टिळकांनी त्या वाटेचा हमरस्ता केला.

तुकोबांच्या पुलावरून

टिळक ख्रिस्ती झाले, पण त्यांनी तुकाराम सोडला नाही. उलट आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या गाण्यांत ख्रिस्त कधी गुरू होतो, कधी माउली, कधी सखा. विठ्ठलाला आई म्हणणाऱ्या महाराष्ट्राला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. अभंग, ओवी, साकी, दिंडी, आरती, पाळणा, जे जे मराठी घरात गायलं जात होतं, ते ते त्यांनी चर्चसाठी वापरलं.

आज मराठी ख्रिस्ती लोक वापरतात त्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची अडीचशेच्या आसपास गाणी आहेत. त्यांच्या अभंगांचा 'अभंगांजली' हा संग्रहही आहे.

हे काम वाटतं तितकं बिनवादाचं नव्हतं. ज्या चालीवर कालपर्यंत विठ्ठल गायला, त्याच चालीवर आज ख्रिस्त गायचा का? मग बदललं काय? हा प्रश्न ख्रिस्ती झालेल्यांसमोर होता. दुसरीकडे हिंदू समाजाला वाटायचं की ख्रिस्ती झालेला माणूस साहेबाचा झाला, परका झाला. टिळकांना दोन्ही बाजूंना एकच गोष्ट पटवायची होती. धर्म बदलला म्हणून माणसाची भाषा, त्याचं गाणं आणि त्याचा देश बदलत नाही.

जगात इतरत्रही हाच वाद झाला. अमेरिकेत १९३० च्या दशकात थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय संगीतकाराने ब्लूज संगीताचा बाज चर्चच्या गाण्यात आणला, तेव्हा अनेक चर्चनी नाकं मुरडली. ते बारमधलं संगीत, देवासमोर कसं चालेल, असा आक्षेप होता. पुढे त्याच गॉस्पेलमधून रे चार्ल्सने सोल संगीत घडवलं आणि १९७० च्या दशकात आंद्रे क्राउचसारख्या गायकांनी सोल पुन्हा ख्रिस्ती गाण्यात आणलं. आज सोल ढंगाचे ख्रिस्ती अल्बम जगभर ऐकले जातात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आपल्या माणसांच्या सुरात देवाला हाक मारायची, ही डॉर्सी यांची धडपड होती. टिळकांनी ती नगरमध्ये त्यांच्या कितीतरी आधी केली होती.

कवींचं घर

टिळकांचं घर म्हणजे नुसतं पाळकाचं घर नव्हतं, तो कवींचा अड्डा होता. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे सतरा वर्षांच्या एका मुलाची कविता ऐकून सगळे थक्क झाले. त्याचं नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. बालकवी हे नाव त्याला त्याच संमेलनात मिळालं. टिळकांनी त्या मुलातलं पाणी ओळखलं आणि त्याला नगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. घर ख्रिस्ती, मुलगा हिंदू, आणि दोघांनाही त्यात अडचण वाटली नाही.

टिळकांनी स्वतः ख्रिस्ती गाण्यांपलीकडेही भरपूर लिहिलं. फुलं, मुलं, निसर्ग, देश, कुटुंब हे त्यांचे आवडते विषय. 'वनवासी फूल' सारखी त्यांची दीर्घकविता मराठी कवितेच्या इतिहासात मानाने घेतली जाते. १९१२ पासून शेवटपर्यंत ते 'ज्ञानोदय' च्या मराठी भागाचे संपादक होते.

त्यांचा सगळ्यात मोठा संकल्प होता 'ख्रिस्तायन'. रामायणासारखं, ओवीबद्ध, ख्रिस्ताचं मराठी महाकाव्य. मांडी घालून ऐकावं आणि पारायण करावं असं. त्याचे दहा-अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले.

मिशनचा पगार सोडला

वय वाढलं तसा टिळकांना एक सल जास्त टोचू लागला. गाणी मराठी झाली, पण चर्चचा कारभार? पैसा परदेशातून, निर्णय परदेशी मंडळींचे, आणि भारतीय ख्रिस्ती माणूस पगारी नोकर. अशा स्थितीत ख्रिस्ताला आपला कोण म्हणेल, हा त्यांचा प्रश्न होता.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यास जाहीर केला. हा ख्रिस्ती संन्यास होता. बायको-मुलांना टाकून रानात जाण्याचा नव्हता, पगार आणि पद सोडण्याचा होता. ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही यावा, जात विचारली जाणार नाही, धर्माचा शिक्का तपासला जाणार नाही, अशी कल्पना. पंचवीस वर्षांपूर्वी नागपुरात डोक्यात घोळणारा बिनजातीचा धर्म त्यांना इथे उभा करायचा होता.

वेळ मात्र कमी मिळाला. दोन वर्षांत तब्येत ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय सत्तावन्न. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला आणून ठेवल्या. दफनाची रीत असलेल्या समाजातल्या एका पाळकाने मरतानाही आपली भारतीय रीत सोडली नाही.

मागे काय राहिलं?

'देवाचा दरबार' टिळकांनंतर फार टिकला नाही. पण त्यांच्या विचाराने भारावलेले एक इंग्रज पाळक जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर जिल्ह्याच्या याच भूमीत 'ख्रिस्त सेवा संघ' हा आश्रम सुरू केला. खादी, शाकाहार, मराठी भजनं आणि भारतीय-युरोपीय भेद नसलेलं एकत्र राहणं, असा त्याचा बाज होता. टिळकांचं इंग्रजी चरित्रही विन्स्लो यांनीच लिहिलं.

'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. ते पूर्ण कुणी केलं? लग्नाच्या वेळी ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी. उरलेले साठहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून आला. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आली. विजया मेहता यांनी पुढे त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचा भोळेपणा, त्यांनी घरच्यांना दिलेला त्रास आणि लावलेला जीव, हे सगळं महाराष्ट्राला कळलं ते या पुस्तकामुळे. संत किंवा खलनायक करून टाकण्यापासून टिळकांना त्यांच्या बायकोनेच वाचवलं.

टिळकांच्या मार्गावर प्रश्नही विचारता येतात. अभंगाची, भक्तीची ही भाषा संतपरंपरेची खरी, पण टिळकांच्या लिखाणात संस्कृत वळणही बरंच आहे. गावकुसाबाहेरून चर्चमध्ये आलेल्या माणसाला त्यातला प्रत्येक शब्द जवळचा वाटला असेल का? एका ब्राह्मण कवीची भाषा सगळ्या ख्रिस्ती समाजाची भाषा होते तेव्हा कुणाचा आवाज मागे पडतो? हे प्रश्न रास्त आहेत. पण त्या समाजाने ही गाणी टिकवली, हेही तितकंच खरं. शंभर वर्षांत त्यांनी ती लग्नात गायली, मयताला गायली, नाताळच्या रात्री गायली, पोरांना पाठ करून दिली. एखादं गाणं वरून लादलं असेल, तर ते इतकी वर्षं तोंडात राहत नाही.

आज चर्चमध्ये गिटार आलंय, ड्रम आलेत, तरुण पोरं युट्यूबवर मराठी ख्रिस्ती गाण्यांची नवी व्हर्जन टाकतात. चाल बदलते, वाद्यं बदलतात. टिळक असते तर त्यांनी कदाचित पहिल्या रांगेत बसून ऐकलं असतं. लोकांना आपलं वाटेल त्या सुरात गायचं, एवढाच तर त्यांचा हट्ट होता.